पुणे शहराचे एक नागरिक : महात्मा जोतीराव फुले



बुद्ध, कबीर आणि फुले हे परमपूज्य बाबासाहेबांनी मानलेले तीन गुरू. म्हणून विहारात तथागतांच्या मूर्तीसमोर आपण वंदना घेतो तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी पागोटे घातलेली जोतीरावांची तसबीर असतेच. ११ एप्रिलला त्या तसबिरीला हार घालतो, तीन दिवसांनी भीमजयंती. लेकरांना विचारलं की फुल्यांनी काय केलं, तर लगेच उत्तर येतं, मुलींची शाळा काढली. उत्तर बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर एक मोठा भाग सांगायचा राहून जातो. जोतीराव सहा वर्षे पुण्याच्या नगरपालिकेत बसत होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शहराचा पैसा कुणाचा, तो कुणासाठी खर्चायचा, पाणी कुणाचं, रस्ता कुणाचा, हे प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारले. आपल्या वस्तीत आजही हेच प्रश्न आहेत. म्हणून या स्मरणिकेत जोतीरावांचे चरित्र जरा या बाजूने सांगायचे ठरवले.

जन्म आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्यातला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. फुलांच्या धंद्यामुळे लोक फुले म्हणू लागले आणि तेच नाव पडले. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. आई गेली तेव्हा मूल अगदी तान्हे होते. सगुणाबाई या नात्यातल्या बाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले.

मराठी शाळेत नाव घातले, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचं, अशी कानभरणी झाली आणि वडिलांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. दिवसा मळ्यात राबायचे, रात्री दिव्याजवळ पुस्तक धरायचे. हे शेजारच्या दोन माणसांनी पाहिले. एक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शेजारची दोन माणसे मध्ये पडली म्हणून महाराष्ट्राला महात्मा फुले मिळाले, हे विसरू नका. आपल्या शेजारचे पोर शाळा सोडून घरी बसते तेव्हा हे आठवायला हवे.

१८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. वधू नऊ वर्षांची, वर तेरा वर्षांचा. पुढे याच जोतीरावांनी बायकोला स्वतः लिहायला-वाचायला शिकवले.

१८४८ सालची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत होते. शूद्राने ब्राह्मणांच्या बरोबरीने चालावे म्हणजे काय, म्हणून त्यांना सगळ्यांच्या देखत अपमान करून घालवून दिले. आता बघा, वरात काही कुणाच्या देवघरातून निघाली नव्हती. ती सार्वजनिक रस्त्यावरून निघाली होती. म्हणजे ज्या शहरात जन्मले, त्या शहराच्या रस्त्यावरही चारचौघांसारखे चालता येत नव्हते. एकवीस वर्षांच्या तरुणाला हा घाव लागला. दुसरा कुणी असता तर घरी बसून रडला असता, नाहीतर वरातीला जायचे सोडले असते. जोतीरावांनी दुःखाचे मूळ शोधले. ते त्यांना अविद्येत सापडले.

शाळा, घर आणि शेजार

त्याच १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीमाई शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. (तो जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी उतरवण्यात आला.) सनातनी मंडळींनी गोविंदरावांवर दडपण आणले. मुलगा आणि सून शाळा सोडत नाहीत म्हटल्यावर १८४९ मध्ये वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले. अशा वेळी गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीमाईंच्या बरोबर शिकवू लागल्या.

पुढे १८५१ मध्ये अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८५२ मध्ये वेताळ पेठेत महार-मांग इत्यादी अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली. आपल्या दृष्टीने ही शाळा फार महत्त्वाची. तिथे आपल्या पूर्वजांच्या हातात पाटी आली.

एकट्या माणसाच्या जिवावर शाळा फार दिवस चालत नाही, हे जोतीरावांनी लवकर ओळखले. म्हणून त्यांनी मंडळी जमवली. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे असे ब्राह्मण मित्रही त्यांच्याबरोबर होते. १८५३ मध्ये महार, मांग इत्यादी लोकांना विद्या शिकवण्यासाठी रीतसर मंडळी स्थापन झाली. वर्गणी गोळा करायची, सरकारकडे अर्ज करायचा, दक्षिणा प्राइज फंडातून मदत मागायची, मुलांची परीक्षा चारचौघांसमोर घ्यायची, असा कारभार. म्हणजे आज आपण विहाराची किंवा वस्तीची संस्था चालवतो ना, पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरतो ना, तसाच. त्यात कुणाचा खाजगी फायदा नव्हता. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात शालजोडी देऊन त्यांचा सत्कार केला. सत्कार घेतला, पण त्यामुळे सरकारपुढे मान तुकवली नाही. ते पुढे येईलच.

या शाळांचं फळ काय? मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. ज्या पोरीच्या आज्याला पेशवाईत रस्त्याने धड चालता येत नव्हते, तिने व्यवस्थेला जाब विचारला. शाळेत नुसती बाराखडी शिकवली असती तर असा निबंध आला नसता. तिथे प्रश्न विचारायला शिकवले जात होते.

१८५६ मध्ये जोतीरावांना ठार मारायला दोन माणसे रात्री घरात शिरली. पैशाच्या आशेने आलेली ती गरीबच माणसे, एक रामोशी, एक कुंभार. जोतीराव त्यांच्याशी शांतपणे बोलले. दोघांच्या हातातली हत्यारे गळून पडली. त्यातले धोंडीराम नामदेव कुंभार पुढे शिकून त्यांच्या चळवळीचे कार्यकर्ते झाले. अंगुलिमालाची कथा आपण विहारात ऐकतो, तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

उघडा हौद

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, कुणी नाव विचारणार नाही. त्या काळी विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर नाहीतर तुरुंग. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत पस्तीस बायकांनी तिथे आसरा घेतला. त्या बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. ज्या जातीने वरातीतून हाकलले, त्याच जातीच्या लेकीबाळींसाठी जोतीरावांनी दार उघडे ठेवले. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

आणि १८६८ साली त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

हौद उघडा केला म्हणजे काय केलं, हे नळाला तोटी असलेल्या घरातल्या पोराला कळणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला हवं होतं. घागर घेऊन विहिरीपासून लांब उभं राहायचं. कुणा सवर्ण बाईला दया आली तर ती वरून ओतणार. नाही आली तर उन्हात उभं राहायचं. अशा काळात एका माळ्याने आपल्या दारातले पाणी महार-मांगांना स्वतःच्या हाताने भरू दिले. जातभाई चिडले. जोतीरावांनी ऐकले नाही.

या हौदापासून एक वाट निघते. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला. पुढे त्यावर कोर्टकचेरी झाली, ती दहा वर्षे चालली आणि १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गेली. जोतीरावांनी हौद उघडला तो त्यांच्या घरचा होता, कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. महाडचे तळे नगरपालिकेचे होते. घरच्या हौदावर दया चालते, नगरपालिकेच्या तळ्यावर हक्क लागतो. हा फरक जोतीरावांनाही कळलेला होता. म्हणूनच ते संघटनेकडे आणि नगरपालिकेकडे वळले.

सत्यशोधक समाज

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव पहिले अध्यक्ष आणि खजिनदार. त्याच वर्षी त्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक निघाले. समाजाचे म्हणणे साधे होते. निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको, आणि सगळी माणसे एकाच आईबापाची लेकरे. समाजाचे दार सर्वांना उघडे होते. पुण्यात दर आठवड्याला सभा भरायची. सभेत काय चालायचं? शिक्षण सक्तीचे कसे होईल, दारू कशी सुटेल, लग्नाचा खर्च कसा कमी होईल, भुताखेताची आणि ज्योतिषाची भीती लोकांच्या मनातून कशी जाईल. दर आठवड्याला हेच विषय. १८७६ पर्यंत समाजाचे ३१६ सभासद झाले होते. आजच्या मानाने आकडा लहान वाटेल. पण ही ३१६ माणसे भटजीवाचून लग्न लावायला तयार झालेली माणसे होती. २५ डिसेंबर १८७३ रोजी असे पहिले लग्न लागले, त्यात सावित्रीमाईंनी पुढाकार घेतला. आपल्या विहारात आज बौद्ध पद्धतीने, थोड्या खर्चात मंगल परिणय होतात, त्यांच्या आधी अशी माणसे होऊन गेली.

जोतीराव चळवळीच्या पैशावर जगले नाहीत, हेही सांगायला हवे. ते ठेकेदार होते, बागाईतदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. त्या कामांवर मजुरांचे कसे हाल होतात, मधले अधिकारी आणि कारकून कसे खातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे सरकारी हिशेब वाचताना त्यांना कुणी फसवू शकत नव्हते.

नगरपालिकेतील सहा वर्षे

१८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळी सभासद निवडून येत नसत, सरकार नेमत असे. मतदान नव्हते, प्रचार नव्हता. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या मर्जीने वागणार, ही सर्वसाधारण रीत. जोतीराव त्या रीतीने वागले नाहीत.

ते सभासद झाले त्याच वर्षी दुष्काळ पडला. १८७६-७७ चा तो दुष्काळ फार भयंकर. खेड्यापाड्यांतून माणसे पुण्याकडे लोटली. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम काढला. जोतीरावांनी लोकांना मदतीचे आवाहन केले, सावित्रीमाई जुन्नर भागात अन्नछत्रांच्या कामाला लागल्या. पोटाला अन्न नसलेले लेकरू कुठल्या जातीचे, असा प्रश्न तिथे नव्हता.

त्यानंतरची गोष्ट व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताची. व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचे ठरले. नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हे. सभागृहात बत्तीस सभासद. शेठ, सावकार, वकील, मोठमोठी पदवीधर माणसे. एकाही माणसाला विरोध करायची छाती झाली नाही. एकटे जोतीराव उभे राहिले. हा पैसा करदात्यांचा आहे, तो कमानी-पताकांवर उधळण्यापेक्षा गरिबांच्या पोरांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मत घेतले तेव्हा विरोधात मत एकच, जोतीराव फुल्यांचे.

ठराव पास झाला. जोतीराव हरले. पण त्या एकतीस जणांची नावे आज कुणाच्या लक्षात आहेत?

दुसरी गोष्ट दारूची. १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. पूर्वी दारूचे दुकान गावाच्या कडेला असायचे, आता भर वस्तीत दुकाने होत आहेत, त्यामुळे किती संसार धुळीला मिळत आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. नगरपालिका आरोग्यावर पैसा खर्च करते आणि तिच्या डोळ्यांसमोर आरोग्य बिघडवणारी दुकाने वाढतात, यातली विसंगती त्यांनी दाखवली. दारूच्या दुकानांवर कर बसवावा, असेही सुचवले. सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरी लिहिले. आपल्या वस्त्यांतून दारूच्या गुत्त्यांविरुद्ध आपल्या आयाबहिणी अर्ज घेऊन जातात तेव्हा त्यांनी लक्षात ठेवावे की असा अर्ज पहिल्यांदा त्याच लिहीत नाहीत.

तिसरी गोष्ट मंडईची. पुण्यात मोठी, दगडी, डौलदार मंडई बांधायची योजना निघाली. खर्च लाखांच्या घरात. जोतीरावांनी विरोध केला. ते स्वतः बागाईतदार, शेतकऱ्यांची बाजू घेणारे. मग मंडईला विरोध का? कारण सोपे आहे. खेड्यातून गाडीभर भाजी घेऊन आलेला शेतकरी आधीच जकातीने पिचलेला, दलालांनी नाडलेला. त्यात इमारतीचा खर्च शेवटी भाड्याच्या आणि कराच्या रूपाने त्याच्याच आणि विकत घेणाऱ्या गरिबाच्या डोक्यावर बसणार. आणि तिकडे गरीब मुलांच्या शाळांसाठी मात्र पैसा नाही. आधी शाळा, मग शोभा, हा त्यांचा हिशेब. मंडई झाली. १८८६ मध्ये उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट हे नाव मिळाले. गंमत बघा, पुढे लॉर्ड रे यांचे नाव गेले आणि आज ती इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

नगरपालिकेत असतानाच, १८८२ मध्ये, शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. जोतीरावांनी आपले निवेदन दिले. खाली सही करताना त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सभासद अशी स्वतःची ओळख लिहिली, आणि पत्ता जुना गंज पेठेचा. महात्मा नाही, समाजसुधारक नाही. निवेदनात त्यांनी हिशेब मांडला. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग राबणाऱ्या रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खालच्या जातींतून शिक्षक तयार करा, त्यांना चांगला पगार द्या, जिथे महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू देत नाहीत तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे जोतीरावांनी मागितले त्यानंतर १२८ वर्षांनी.

अखेरची वर्षे

१८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात असताना हरी रावजी चिपळूणकरांकडे मेजवानी होती. दागिने आणि जरीचे अंगरखे घालून सगळे जमले. जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. तिथे त्यांनी राजपुत्राला समजावले की या झगमगाटावरून देशाची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात उपाशी आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत कष्टकरी जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. सरकारने दिलेली पदवी नव्हे ती, कामगार आणि शेतकऱ्यांनी दिलेली.

लगेच दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले या मित्राने उपचार केले. उजवा हात चालेना म्हणून जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या मागे १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दहन न करता मिठात दफन करावे, अशी त्यांची मृत्युपत्रातली इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही. शेवटी दहन करावे लागले. यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंद टिटवे धरण्यावरून अडून बसले, तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सावित्रीमाईंनी यशवंतला बोलावून शहराबाहेर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यात त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शहराच्या संकटात घराचे दार लावून न बसणारे हे जोडपे होते.

वारसा

जोतीरावांच्या चळवळीत गोपाळबाबा वलंगकर होते. पलटणीतून निवृत्त झालेले आपले पूर्वज. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातींचे सभासद बिथरले. अस्पृश्य माणूस आपल्या बरोबरीने कारभारात बसतो, हेच त्यांना सोसेना. याच महाडात बत्तीस वर्षांनी सत्याग्रह झाला.

१९२४ साली मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. वसतिगृह, वाचनालय, गाऱ्हाणी मांडणे, हीच तिची कामे. १९२५ मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारायचा ठराव आणला, तर त्याला कडवा विरोध झाला. ज्या सभागृहात हा माणूस सहा वर्षे बसला, तिथे त्याच्या पुतळ्याला जागा मिळेना. त्या वादात दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले, त्यावर खटला झाला, शिक्षा झाली. अपिलात त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली आणि मंडळी सुटली. पुढे १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांना अर्पण केला.

बंधू-भगिनींनो, जोतीरावांना सरकारने नेमले तेव्हा ते सभागृहात गेले. आपल्याला कुणी नेमायची गरज नाही. बाबासाहेबांच्या संविधानाने प्रत्येकाच्या हातात मत दिले. १९९३ मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, साध्या अर्जावर शहराच्या पैशाचा हिशेब मागता येतो. जोतीरावांच्या हातात यातले काहीही नव्हते. तरी त्यांनी हिशेब विचारला.

आणि आपण? निवडणूक आली की आपण मत देतो, मग पाच वर्षे नळाला पाणी आलं नाही तरी शेजारणीशी बोलून गप्प बसतो. वस्तीतल्या शाळेत किती शिक्षक आहेत, आपल्या वॉर्डाला किती पैसा मंजूर झाला, तो गटारीवर गेला की स्वागत कमानीवर, हे कोण विचारतं? आपला माणूस निवडून गेला तरी तो बत्तिसातला एक होतो की एकतिसातला, हे कोण बघतं? दर रविवारी वंदनेला आपण जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास बसून वस्तीची चार कामे बोलायला काय हरकत आहे? सत्यशोधक मंडळी दर आठवड्याला बसत होती. दोघांनी अर्ज लिहावा, चौघांनी सही करावी, शिकलेल्या पोरीने तो नेऊन द्यावा आणि पोच घेऊन यावी. काम लगेच होईल असं नाही. जोतीरावही त्या सभागृहात हरतच होते.

पुण्याला गेलात तर गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाड्यात जरूर जा. लेकरांना बरोबर न्या. तिथले पाणी दाखवा आणि सांगा की एके काळी पाणी प्यायला आपल्या माणसांना हे दार उघडे होते. मग मंडईत जा, त्या इमारतीवरचे नाव वाचून दाखवा, आणि तिच्या खर्चाला हात वर करून विरोध करणाऱ्या एका नगरपालिका सभासदाची गोष्ट सांगा. तसबिरीला हार घालणं सोपं आहे. लेकराला ही गोष्ट सांगितली तर तसबिरीतला माणूस त्याला कळेल.

नमो बुद्धाय! जय भीम! जय जोती! जय सावित्री!